रतनआक्काच्या नावाचा वॉरलॉक

थापा मारण्यात आमच्या नांदूरघाटात माझा हात धरणारा कुणी नाही. एका साली माझा ऊस इतका उंच गेला की शेंडे विजेच्या तारेला लागले आणि उभ्या फडात गूळ तयार झाला, ती थाप माझीच. तिच्यानं कुणाचं वाकडं झालं नाही. गेल्या दसऱ्याला मात्र एक थाप मी कागदावर लिहिली, आणि ती अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

सुट्टीला माझी नात करिष्मा कॉलेजातून घरी आली होती. तिच्याच वर्गातला आतिफ, आमच्या जलालुद्दीन मिस्त्रीचा पोरगा, रोज दुपारी आमच्या ओसरीवर यायचा. दोघांनी एक खेळ आणला होता. त्यात सोंगट्या नाहीत की पत्ते नाहीत. एक जाड पुस्तक आणि वीस पैलूंचे फासे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि डाव साधला की फसला ते फाशानं ठरवायचं. गडी कमी पडला म्हणून त्यांनी मला ओढलं.

"नाना, तुमी वॉरलॉक व्हा," आतिफ म्हणाला.

"ते काय असतंय बे?"

"जादूगार. पण शिकून झालेला न्हाई. एखाद्या बड्या ताकदीशी करार करून जादू मिळवलेला."

"म्हंजे वशिल्यानं लागलेला!"

करिष्मा हसून लोळली. मग तिनं मला गडी घडवायचा कसा ते शिकवलं. आकडे वाटून द्यायचे असतात. वॉरलॉकनं सगळ्यात मोठा आकडा बोलण्याच्या प्रभावाला द्यायचा, कारण त्याची जादू तोंडावर चालते. दुसरा मोठा आकडा तब्येतीला. अंगातल्या जोराला उरलासुरला दिला तरी चालतो. मोठ्या जादू दोनच, पण घटकाभर टेकलं की दोन्ही परत येतात. लांबून मारायचा एक झोत कधी संपत नाही. सोबतीला एक पाळलेला जीव मिळतो. आणि एक शाप असतो. तो ज्याच्यावर टाकाल, त्याला दर फटक्याला जास्त लागतं.

"भल्याभल्यांना इथंच चूक होती," आतिफ म्हणाला. "शाप दहा जणांवर वाटत बसायचा न्हाई. एकच गडी धरायचा आन तो पडंपर्यंत सोडायचा न्हाई."

हे मला लगेच समजलं. गावात चकाट्या पिटणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

मला इंग्रजी येत नाही, म्हणून माझा कागद मी मराठीत लिहिला. शेवटी प्रश्न आला की करार कुणाशी. करिष्मानं पुस्तकातली नावं वाचली, समुद्रातलं काहीतरी, पाताळातलं काहीतरी. मी म्हणालो, ज्याला मी बघितलं नाही त्याला भिऊ कसा? मी जन्मात भ्यालो ते एकाच माणसाला.

रतनआक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. एकटी बाई, दोन खोल्यांचं घर. गावातली जोडपी ऊसतोडीला गेली की मागं राहिलेली लेकरं तिच्याकडं. सहा महिने तीच त्यांना खाऊ घालते आणि कान धरून शाळेत पाठवते. त्या मोसमाला आठ यायची होती. धडा पाठ झाल्याशिवाय तिच्या घरात भाकरी मिळत नाही.

मी लिहिलं: मालकीण, रतनबाई. शाप, एकावरच, तो पडेपर्यंत. पाळलेला जीव, घुबड. आणि करारात मालकिणीला काय द्यायचं, त्या जागी लिहिलं: दर मोसमाला आठ लेकरं.

"नाना, हे लई भारी झालं," आतिफ म्हणाला. मी फुगलो. कागद घडी करून खिशात घातला, हॉटेलात चार जणांना दाखवावा म्हणून. वाटेत तो गिरणीपाशी कुठंतरी पडला.

तो विमलबाईला सापडला. तिची दोन लेकरं रतनआक्काकडं राहायची होती. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो तर माझा चहाचा सोबती सोमेश्वर पुढं सरकून म्हणाला, "नाना, ऐकलं का? रतनबाईची करणी सापडली. कागदावर लिवलंय, शाप, घुबड, आठ लेकरं. कुणीतरी तिच्या नावानं वाहिल्यात."

तोंड उघडून 'अरे, तो माझा कागद' म्हणायचं, एवढंच होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते. चहा गार करून बघत होते. आणि मी काय म्हणालो?

"मला नवल न्हाई. मी तिच्या अंगणात लिंबू चालताना बघितलंय. चढावर."

कुणी हसलं नाही. विजेच्या तारेवर गूळ करणाऱ्या माणसाचं त्या दिवशी सगळ्यांनी खरं मानलं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर माणसं गप्प झाली होती. मी घरी येऊन पोटभर जेवलो.

चार दिवस मी तोंड शिवून बसलो. त्या चार दिवसांत लोक रतनआक्काच्या दारावरून जाताना पलीकडच्या कडेनं जाऊ लागले. मग एकेक बाप ठरवू लागला, लेकरं तिच्याकडं ठेवायची नाहीत, संगं न्यायची. संगं न्यायची म्हणजे ऊसतोडीच्या फडावर. तिथं कसली शाळा? मोठ्या पोरीनं धाकटं भावंड सांभाळायचं आणि पाणी आणायचं. अजिनाथची टोळी सगळ्यांच्या आधी निघाली. त्याची पोरगी दीपमाला सातवीत, गणितात पहिली. ट्रकवर भांड्याकुंड्यांच्या मधे बसलेली मी बघितली. तिनं मला हात केला. मीही केला.

त्या सकाळी मी करिष्माला सगळं सांगितलं. ती माझी लाडकी नात, माझ्याकडं बघून म्हणाली, "नाना, तुमी कावून गप बसलात?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चप्पल घालून आतिफला बोलवायला निघाली.

पारावर माणसं जमवून मी कबूल केलं. सोमेश्वर खो खो हसला. "घ्या! नानाची नवी थाप! आता म्हणतंय कागद ह्याचाच." माझं खरं कुणी घेईना. शेवटी करिष्मानं तिचा आणि आतिफनं त्याचा कागद विमलबाईच्या हातातल्या कागदाशेजारी मांडला. तेच रकाने, तेच आकडे, फक्त इंग्रजीत. आतिफनं पुस्तक उघडून शाप दाखवला, घुबड दाखवलं. विमलबाईनं माझं अक्षर आणि माझं तोंड दोन्ही नीट बघितलं.

"लाज न्हाई वाटली, नाना?" एवढंच म्हणाली. तिची दोन्ही लेकरं संध्याकाळच्या आत रतनआक्काकडं गेली. मागोमाग बाकीचीही गेली. सात झाली.

मी रतनआक्काच्या दारात उभा राहिलो. ती ज्वारी निवडत होती. मी माफी मागितली. ती निवडत राहिली. वर न बघता म्हणाली, "बंकट, आठवी कुठाय?"

"ट्रकवर गेली, आक्का."

"मग हितं काय करतोस?"

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं सांगलीकडं गेलो. बहात्तराव्या वर्षी पाच फड हुडकले तेव्हा अजिनाथची कोपी सापडली. उसाच्या पाचटाची ती झोपडी, आणि दारात दीपमाला, कडेवर धाकटा भाऊ. मी अजिनाथला चार वाक्यांत सांगितलं. कागद माझा. खेळातला. लिंबाचं मी खोटं बोललो. पोरीला परत पाठव. त्याहून जास्त एक शब्द घातला नाही, आणि ते मला फड हुडकण्यापेक्षा जड गेलं.

अजिनाथ कोयता पुसत म्हणाला, "नाना, तुमचं तेव्हाचं खरं का आत्ताचं, हे मला कसं कळावं?"

त्यानं रतनआक्काला फोन लावला. बरंच ऐकून घेतलं, दोनदा "हाव, मावशी" म्हणाला आणि फोन ठेवला.

"पोरीला घेऊन या म्हणल्या. पण वाटंत तिच्याशी एक शब्द बोलायचा न्हाई, असं तुम्हाला बजावलंय."

धाकट्याला आईच्या कडेवर देताना दीपमाला जरा घुटमळली. मग दप्तर घेऊन निघाली.

सोलापुरात गाडी बदलली. तोवर मी खरंच बोललो नाही. तिला केळी घेतली, खिडकी दिली. बार्शी मागं पडली तेव्हा तिनं माझी बाही ओढली.

"नाना, करणी खरी असती का?"

आक्काचा हुकूम मी मोडला. म्हणालो, "न्हाई."

तिनं केळ्याची साल खिडकीबाहेर टाकली. मग माझ्याकडं वळून, गणित विचारावं तसं विचारलं, "मग लिंबू चालतंय असं कावून म्हणलात?"

आमचं उतरायचं केज येईपर्यंत ती उत्तराची वाट बघत होती.