दोघांत एक ताट

"एक ताट उचल," मीटरसाहेब वेटरला म्हणाले. "जेवणारी ही एकटीच आहे."

वेटर नवा होता. त्याने आधी मीटरसाहेबांकडे पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे, टाकेबाईंकडे, आणि उचललेलं ताट पुन्हा खाली ठेवलं. "साहेबांना काहीच नको? सूप तरी?"

"अरे बाबा, उचल म्हटलं ना."

टाकेबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब खाता खाता थांबलं होतं. टाकेबाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. "चला हो घरी. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना तोंड आहे, आपल्यालाही आहे." मीटरसाहेब जरा थांबले. "म्हणजे, तुला तरी आहे."

मासळी बाजाराच्या मागचं हे हॉटेल बेटांवरून येऊन शहरात राहिलेल्या लोकांचं होतं. मीटरसाहेबांना ते पंचवीस-तीस वर्षं माहीत होतं. वीज कंपनीत ते मीटर वाचायला होते, आणि साहेब वगैरे कधीच नव्हते. गल्लीतल्या पोरांनी थट्टेने दिलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. शहर अवाढव्य. कुठून कुठून माणसं येऊन त्यात आपापली वस्ती करून राहिलेली, आणि प्रत्येक वस्तीला आपली खाणावळ. ज्या भागात मीटर वाचायची पाळी असेल तिथे मीटरसाहेब दुपारी जेवायचे. टाकेबाई रोज डबा द्यायच्या आणि तो रोज रिकामा परत यायचा. तो नक्की कोण खातं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या स्वतः बाहेर काही खात नसत. तेल कुठलं, पाणी कुठलं, हात कुणाचे! जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात लोकांचे कपडे उसवून-शिवून द्यायच्या, म्हणून गल्लीत त्या टाकेबाई; दुपारी वर येऊन सकाळचंच गार जेवायच्या आणि पुन्हा मशीनवर बसायच्या. नवऱ्याने संध्याकाळी येऊन अमक्या वस्तीत तमकं खाल्लं म्हणून सांगायला सुरुवात केली की तोंडात टाचण्या धरून नुसतं "हं" म्हणायच्या.

मग मीटरसाहेबांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी जेवढी निघाली तेवढी काढली, आणि पोटाला भोक पाडून नळी बसवली. आता दिवसातून चारपाच वेळा टाकेबाई त्या नळीतून पांढरं, पातळ काहीतरी सोडायच्या. तोंडातून पाण्याचा घोटही नाही. आवाज घोगरा झाला पण राहिला. नाक मात्र शाबूत होतं, आणि तीच मोठी पंचाईत होती. खालच्या मजल्यावर कांदा परतला तरी ते पलंगावर उठून बसायचे.

टाकेबाईंनी घरात फोडणी देणं बंद केलं. स्वतःचं काहीतरी उकडून स्वयंपाकघराचं दार लावून, उभ्या-उभ्या, चमचा वाजू न देता खायला लागल्या. एक दिवस दार ढकलून मीटरसाहेब आत आले. बायकोने हातातला घास पाठीमागे लपवला.

"चोरी करतेस का गं?"

टाकेबाईंनी तो घास परत ताटलीत ठेवला.

"रविवारी तयार राहा," मीटरसाहेब म्हणाले. "जेवायला जाऊ."

तर असे ते या टेबलावर समोरासमोर बसले होते. पानात गुंडाळून भाजलेला मासा आला. पान उलगडलं तशी वाफ मीटरसाहेबांच्या तोंडावर गेली. ते मागे सरले नाहीत.

टाकेबाईंनी नखाएवढा तुकडा तोंडात टाकला.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे? प्रगतिपुस्तकावर शेरा मारतेस का?"

"आंबट आहे."

"आंबट कसं? लिंबाचं? चिंचेचं? का कैरीचं?"

"आता ते मला कसं सांगता येईल? मी कापडातली बाई."

"मग कापडात सांग."

टाकेबाईंनी आणखी एक घास घेतला, या वेळी जरा मोठा. बराच वेळ चावला. "वरून खरखरीत आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "जाड कॅनव्हास असतो ना, तसं. पण आतून अस्तर लावलंय. मऊ. ते दिसत नाही, पण नसतं तर घशाला..." त्यांनी जीभ चावली.

मीटरसाहेबांनी डोळे मिटले होते. "नारळाचं दूध," ते म्हणाले. "अस्तर म्हणजे नारळाचं दूध. हां. बरोबर. खा."

त्यानंतर दर रविवारी जाणं सुरू झालं. डोंगराळ मुलखातून आलेल्यांची खाणावळ झाली. तिथे सगळं वाफेवरचं, आणि टाकेबाई म्हणाल्या, ओल्या कपड्यावर इस्त्री ठेवली की जसा वास येतो, तशी याची चव आहे. मीटरसाहेब इतके खूश झाले की त्यांना खोकला आला. थंड देशातल्या माणसांच्या हॉटेलात बिटाचं लालभडक सूप मिळालं. "हे रंग जाणारं कापड आहे," त्या म्हणाल्या, "ज्याला लागेल त्याला डागाळणार. शेजारचा बटाटा बघा कसा झालाय." एका ठिकाणी मालक घाबरून स्वतः धावत आला. न जेवता नुसता वास घेणारा आणि प्रश्न विचारणारा माणूस आरोग्य खात्याचाच असणार, अशी त्याची खात्री झाली होती. टेबल तीनदा पुसून घेतलं त्याने. घरी येईपर्यंत दोघं हसत होते. कितीतरी दिवसांनी हसले.

वाळवंटाकडच्या लोकांचं हॉटेल रेल्वेच्या पुलाखाली होतं. मंद आचेवर शिजवलेलं मांस, त्यात जर्दाळू, आणि भट्टीतून थेट टेबलावर आलेली टम्म फुगलेली रोटी. टाकेबाईंनी रोटी फोडली. बोटांना चटका बसला. रस्सा घट्ट होता. पहिल्या घासाला गोड लागला आणि गिळता गिळता तिखट झाला. त्यांनी दुसरा घास घेतला. मांस हाडापासून आपसूक सुटत होतं. त्यांनी हाड उचलून चोखलं. रोटीच्या शेवटच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला, आणि अंगठा चाटता चाटता वर पाहिलं.

मीटरसाहेब त्यांच्याकडे बघत होते.

वाडगा लख्ख झाला होता आणि त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"अहो..."

"असू दे."

"सांगते ना. ते असं होतं की..."

"असू दे म्हटलं ना. बघितलं मी."

परत येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना बरं वाटलं होतं की वाईट, हे टाकेबाईंना पाठमोऱ्या डोक्यावरून कळेना, आणि विचारायचा धीर होईना. इतक्या वर्षांत ज्या जिभेकडे कधी लक्ष दिलं नाही तिला आता, या वयात, या माणसासमोर चटक लागावी! त्यांना स्वतःचीच किळस आली. आणि तरी दातात अडकलेला जर्दाळूचा धागा त्या जिभेने चाचपत होत्या.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून त्यांनी घरचे कपडे मशीनवर घेतले. मीटरसाहेबांचे शर्ट पुन्हा दोन्ही बाजूंनी आत घ्यायला झाले होते. आणि त्यांच्या स्वतःच्या दोन कपड्यांच्या शिवणी काखेत ताणून विरायला आल्या होत्या. त्या उसवून सैल करायला हव्या होत्या. एकाच दोऱ्याने दोन्ही कामं झाली. दोरा बदलायची गरज पडली नाही, याचंही त्यांना रडू आलं.

"या रविवारी नको," त्या म्हणाल्या. "माझं पोट ठीक नाही."

मीटरसाहेब बूट घालत होते. "बरं. मी एकटा जातो. ताट मागवतो आणि समोर ठेवून बसतो. वेटरने विचारलं तर काय सांगू, तेवढं सांगून ठेव."

टाकेबाई मुकाट्याने चप्पल घालून निघाल्या.

हे कुणीतरी त्यांच्या मुलीच्या कानावर घातलं. ती दुसऱ्या शहरात असायची. आली ती बॅग दारातच टाकून आईच्या समोर उभी राहिली.

"आई, बाबांना समोर बसवून तू हॉटेलात जेवतेस? खरं आहे हे?"

"तेच नेतात."

"ते नेतील गं! ते काहीही म्हणतील. आजारी माणूस आहे. तुला कळायला नको? घास तरी कसा उतरतो तुझ्या घशाखाली?"

उतरत नाही, असं म्हणावं तर ते खोटं झालं असतं. टाकेबाई सुईत दोरा ओवायला लागल्या, आणि दोरा जाईना.

"तिला बोलू नकोस," पलंगावरून आवाज आला. मीटरसाहेब उठून बसायची धडपड करत होते. "मी गेल्यावर ही काय करेल, सांगू? चहात पाव बुडवून खाईल आणि झोपेल. तुझा फोन आला की सांगेल, जेवले हो पोटभर. तू इतक्या लांबून काय बघणार आहेस?" त्यांना दम लागला. "आता निदान चार दारं माहीत झालीत तिला. आत जाऊन बसायला शिकली. मागवायला शिकली."

मुलगी आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

टाकेबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांना राग आला होता. नवऱ्यासाठी म्हणून त्या लोकांच्या नजरा झेलत होत्या, त्याच्यासाठी चवींना कापडं शोधत होत्या, आणि हा माणूस त्यांना शाळेत घातल्यासारखा धडे देत होता. कशाचे, तर एकटीने राहायचे.

"मला नाही शिकायचं," त्या पुटपुटल्या.

"शिकलीस," मीटरसाहेब म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

पुढे त्यांच्याने जिना उतरवेना. मग ते टाकेबाईंना एकटीला पाठवायला लागले. टाकेबाई आधी नाही म्हणायच्या, मग जायच्या. कारण गेल्या नाहीत तर रविवारभर ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. माहितीच्या हॉटेलात जायचं, कोपऱ्यातलं टेबल धरायचं, भराभर जेवायचं, विसरायच्या आत घरी यायचं. वाटेत त्या ओठातल्या ओठात घोकत यायच्या. सांगून झालं की मीटरसाहेब एखादी शंका काढायचे, आणि मग त्यांना झोप लागायची.

ते गेले त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. जुन्या बंदराकडे एक नवं हॉटेल निघालं होतं, कुठल्या तरी फार लांबच्या दक्षिणेच्या देशातल्या माणसांचं. मीटरसाहेबांनी शेजाऱ्याच्या पेपरात त्याची जाहिरात पाहिली होती. "हे माझंही राहिलंय," ते म्हणाले. "तिथे जा."

टाकेबाई दोन बस बदलून गेल्या. दर्शनी भाग सगळा काचेचा होता. आत दिवे लागलेले, टेबलं भरलेली. एक म्हातारा आपल्या ताटातलं उचलून बायकोच्या ताटात ठेवत होता आणि ती नको नको म्हणत होती. दारातल्या तरुण मुलीने हसून दार उघडलं.

"या ना. किती जण?"

टाकेबाईंनी तोंड उघडलं. एवढासा आकडा, पण तो बाहेर येईना. मुलगी दार धरून उभीच होती.

"नंतर येते," टाकेबाई म्हणाल्या.

समोरच्या बसथांब्यावर त्या बसून राहिल्या. त्यांची बस आली, गेली. पुन्हा आली, गेली. एवढ्या वेळात माणूस जेवून झाला असता असं वाटलं तेव्हा त्या उठल्या आणि गर्दीत दांडा धरून उभ्याने घरी आल्या.

मीटरसाहेबांनी आता घरीच राहिलेल्या मुलीकडून पाठीमागे दोन उशा लावून घेतल्या होत्या. केसही विंचरून घेतलेले दिसत होते. "सांग," ते म्हणाले.

टाकेबाई पलंगाजवळ उभ्या राहिल्या. "मोठं आहे हॉटेल," त्या म्हणाल्या. "आधी शेंगांचं काहीतरी आणलं. मखमलीसारखं. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला की अडतो, तसं."

"आणि तिखट?"

"तिखट सुईसारखं. टोचलं तेव्हा कळलंच नाही. मग बघितलं तर रक्त."

मीटरसाहेबांच्या ओठांच्या कडा हलल्या. "मांस?"

"होतं. कोळशावर भाजलेलं. कडेला जळलेलं जरा, पण मुद्दाम जाळलेलं. काज करताना कापड सुटू नये म्हणून कड पक्की करतात ना, तसं." त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं, शब्द न थांबता येत होते. "सोबत आंबट होतं वाटीत. कशाचं ते ओळखता आलं नाही मला."

मीटरसाहेबांनी हात पुढे केला. उशी सरकवायची असेल असं वाटून टाकेबाई वाकल्या, तर त्यांनी बायकोची बोटं धरली आणि नाकाशी नेली. त्या बोटांना बसच्या दांड्याच्या लोखंडाचा वास होता. दुसरा कशाचाच नव्हता. त्यांनी एकदा श्वास घेतला. थांबून पुन्हा एकदा घेतला.

"मसाला छान मुरलाय," मीटरसाहेब म्हणाले.

"अहो, मी..."

"पुढे सांग. शेवटी गोड काय दिलं?"

त्यांनी बोटं सोडली नव्हती. टाकेबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या, हात तसाच त्यांच्या गालापाशी राहू दिला, आणि गोडाचं सांगायला लागल्या.