बिरूची सक्तमजुरी

सरकारला अक्कल न्हाय असं मी म्हनत न्हाय. मी तुरुंगात बायकांच्या बराकीवर वॉर्डर हाय, सरकारचं मीठ खाते. पन ह्या चिमाबाईनं जे डोळ्यांनी बगितलं ते सांगितल्याबिगर तिला जेवन जानार न्हाय.

मागं मुंबईहून कमिटी आली हुती. कैद्यांना औषध मिळतं का, अफू खानाऱ्या कैद्याचं आत आल्यावर काय हुतं, लई खोदून इचारलं तिनं. आमी भिताडांना चुना लावला, साहेबलोक च्या पिऊन गेलं. सरकारचं उत्तर यायला दीड साल लागलं. उत्तर मातर झकास! कमिटीचं म्हननं मान्य. अफूची सवय असलेल्या कैद्याची अफू एकदम तोडायची न्हाय, दवाखान्यातनं थेंबथेंब द्यायची आन् कमी करत आनायची. आमचे डाक्टर वीरभद्रप्पा ते वाचून दिवसभर खुशीत हुते.

त्याच आठवड्यात मायाक्का आली, कडेवर सहा महिन्यांचा बिरू. सोलापुरात गिरनीत कामाला ती. गिरनीतल्या बाया पोराला अफूची गोळी चाटवत्यात, न्हाईतर पोर रडतंय आन् मुकादम वरडतोय. अफू इकतं कोन? सरकारच, ठेक्याच्या दुकानातनं. लोकांची सवय सुटावी आन् तिजोरीबी भरावी म्हनून सरकारनं भाव वाढवला. तशी ही बया निजामाच्या मोगलाईतनं स्वस्तातली अफू घेऊन आली आन् नाक्यावर घावली. सरकारची घेतली असती तर गिऱ्हाईक, मोगलाईतली घेतली म्हनून गुन्हेगार! महिन्याची सजा लागली.

आत गोळी बंद. तिसऱ्या दिवशी पोर नुसतं पिळवटायला लागलं. हगवन, उलटी, डोळं खोल गेलेलं. मायाक्कानं माझं पाय धरलं. "चिमामावशी, माझं लेकरू जातंय की वो!" मी पोराला उचललं आन् डाक्टरकडं पळाले.

डाक्टरनं औषधाचं कपाट उघडलं, तर जेलर धोंडप्पा आडवे आले. "हुकूम कैद्यापुरता आहे. हे पोर कैदी आहे का?"

"मग भाईरच्या दवाखान्यात धाडा की, साहेब," मी म्हनले.

"तिथं बाहेरच्यांना घेतात. हे आत आहे."

"मग ह्यानं मरावं कुटं, तेवढं तरी सांगा!"

धोंडप्पा चिडले न्हाईत. मानूस वाईट न्हवता, नुसता हुकमाचा हुता. लई इचार करून त्यांनाच युक्ती सुचली: पोराला कैदी करायचं. परवान्याबिगर अफू खाल्ली, हा गुन्हा. सहा महिन्यांच्या पोरावर खटला चालत न्हाय, म्हनून वय लिवलं वीस. मॅजिस्ट्रेट साहेब त्या दिवशी तुरुंगात आलेच हुते. मान वर न करता म्हनाले, "गुन्हा कबूल?" बिरू बोंबलला. साहेबांनी सही ठोकली. आईकडं अफू नुसती सापडली हुती, ह्यानं तर खाल्ली हुती, म्हनून ह्याला तीन महिने सक्तमजुरी.

पन थेंब मिळालं. हळूहळू पोर दूध प्यायला लागलं, मग खुदकन हसलं. मी देवाला हात जोडलं आन् धोंडप्पांनाबी. बिरूच्या नावावर दळन आलं, ते मी दळलं. भाकऱ्या आल्या, त्या मायाक्कानं खाल्ल्या, तेवढंच अंगावर दूध आलं. धोंडप्पांनी सरकारला कळवलं: नवं धोरण लागू केलं, एक कैदी बरा झाला. सरकारनं शाबासकी धाडली.

महिना भरला. मायाक्का पोराला पदराखाली घेऊन फाटकाशी गेली. धोंडप्पांनी हात आडवा केला. "तू सुटलीस. तो नाही."

"अवो, अंगावर पितंय ते!"

"त्याची सजा राहिली आहे. लवकर सोडायचा तर सरकारला विचारावं लागेल. विचारतो मी. उत्तर येईल."

सरकारचं उत्तर! मागचं यायला दीड साल लागलं हुतं. धोंडप्पांचं डोळं पान्यानं भरलं हुतं, खोटं कशाला बोलू, पन हात काय हलला न्हाय. पोर माझ्या हातात आलं आन् फाटक लागलं. मायाक्का भाईर, आन् हितं बिरू माझ्या लुगड्यात तोंड खुपसून दूध हुडकतोय. माझ्या म्हातारीच्या छातीत काय ठेवलंय? मी रडले, आन् मला सरकारचा असा राग आला की मीठ खाल्ल्याचंबी काय वाटलं न्हाय.

तेवढ्यात खळकन आवाज झाला. मायाक्कानं कचेरीच्या खिडकीवर धोंडा घातला हुता. धोंडप्पा भाईर धावले. शिपायांनी धरली तर ती फाटकाच्या गजांतनं मलाच इचारती, "मावशी, काच फोडल्याला किती सजा पडते वो?"

"पंधरा दिसांच्या वर कोन देत न्हाय, आन् बिरूचं दोन महिने हाईत!" मी आतनं वरडले. "आनखी काय तरी कर की! जेलरसाहेबाची पगडी उडीव!"

तिनं उडवली.

तिला आत आनली तवा ती शिपायांच्या म्होरं पळत हुती. बराकीत पाऊल टाकायच्या आदीच तिनं चोळीची गाठ सोडली हुती.