डेलियाच्या ट्रेमधली कळलावी

मी कळलावी बोलतेय. ज्या घरात चार महिने डेलिया म्हणून वाढले, त्या घराने आज मला मुळासकट उपटून कचऱ्याच्या पिशवीत कोंबलंय. देठ मोडलाय. पण मनातलं बोलून टाकल्याशिवाय मी जायची नाही.

माझा जन्म एका नर्सरीतल्या मागच्या वाफ्यात झाला. पानं वाळली की तिथली बाई कंद उकरायची, धुवायची आणि ट्रेमध्ये पसरायची. चिठ्ठी ट्रेला असायची, कंदाला नाही. विक्री संपत आली की उरलेसुरले कंद दिसेल त्या ट्रेत ओतायचे, ही तिथली रीत. "दोनच तर राहिलेत, टाक त्यात," ती म्हणाली आणि मी डेलियात जाऊन पडले.

मला विकत घेतलं त्या घरात नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील. वडिलांनी, म्हणजे बाबांनी, छत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. हल्ली त्यांना चष्मा सापडायचा नाही. एकदा गॅस चालू राहिला. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक बोलण्याला घरात एकच उत्तर असायचं, "हो बाबा." माणसाला गप्प बसवायची इतकी गोड युक्ती मी दुसरी पाहिली नाही.

मला पानं फुटली. बाबा रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस त्यांनी माझं पान दोन बोटांत धरलं. इतक्या हळुवारपणे मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

"सूनबाई, हा डेलिया नव्हे. डेलियाच्या पानाला दाते असतात. हिची कड बघ, सरळ आहे. आणि टोक कसं वळलंय, गजाला धरून बसलंय. ही कळलावी. कंद विषारी असतो, हात धूत जा."

"बाबा, नर्सरीवाल्यांनी लिहून दिलंय ना डेलिया म्हणून."

"लिहिणारा चुकला असेल. पान कसं चुकेल?"

"हो बाबा," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला लागली.

त्यानंतर मी प्रत्येक नव्या पानाचं टोक गजाला घट्ट गुंडाळलं. बघणाऱ्याला दिसावं म्हणून. बघितलं कुणीच नाही.

मग एका दुपारी बाबांचा मुलगा गॅलरीत येऊन डॉक्टरांशी फोनवर बोलला. "साध्या गोष्टी ओळखत नाहीत हो आता. जन्मभर झाडं शिकवली, आणि घरातल्या डेलियाला कळलावी म्हणतात. विषारी आहे म्हणे!" मला ओरडावंसं वाटलं. झाडाला तोंड नसतं, हे माणसांच्या किती पथ्यावर पडतं.

आठवड्याभरात बाबांची बॅग भरली गेली. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची छान काळजी घेतात, असं सगळे एकमेकांना सांगत होते. निघताना बाबा माझ्यापाशी आले. पान धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"डेलियाच असेल," ते पुटपुटले. "मलाच आता कळेनासं झालंय."

ते ऐकून माझ्या कंदात कुणी सुरी घातल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी मला फूल आलं. खाली मान घातलेलं, पाकळ्या उलट्या वळलेल्या, लाल-पिवळं. सूनबाईने फोटो काढून नर्सरीत पाठवला. उत्तर लगेच आलं. कळलावी आहे, विषारी असते, बदलून देतो.

"बाबा हेच सांगत होते," ती नवऱ्याला म्हणाली.

 तो म्हणाला, "आता रुळलेत ते तिथे. उगाच काही सांगू नकोस."

आज सकाळी हातमोजे घालून त्याने मला उपटलं. बदलून मिळालेला डेलिया लावायला कुंडी रिकामी हवी होती.

मला वाचवा, असं मी म्हणत नाही. मी विषारी आहे हे खरंच आहे. पण तुमच्यापैकी कुणी त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत गेलात, आणि खिडकीशी बसलेले एक निवृत्त प्राध्यापक दिसले, तर त्यांच्याजवळ थोडं बसा. त्यांना सांगा, तुम्ही बरोबर ओळखलं होतं.