मोडक्या घोड्याचं विसर्जन

सिनेमा संपल्यावर शिवांजलीनं एकच विचारलं, "घोडा परत आला ना, आई?"

"आला की," म्हणत मी फोन काढून घेतला.

मुलांच्या ज्या कादंबरीवरून तो कार्टून सिनेमा काढलाय, ती मी कॉलेजात असताना वाचली होती. कादंबरीतला चाक मोडलेला लाकडी घोडा नदीत वाहून जातो, तो जातोच. सिनेमात मात्र पाण्यातून नवाकोरा होऊन येतो. साडेचार वर्षांच्या पोरीला हे कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी धुणं वाळत घालत होते. आतून सासूबाई म्हणाल्या, "माया, पोरगी तुज्याकडं हाय न्हवं?"

"तुमच्याजवळ झोपली होती ना?"

"आगं, माजाच डोळा लागला. आन् देवघरातली घंटा कुठं ठिवलीस? दिसंना."

घंटा नव्हती. शिवांजलीचा, तीन चाकांवर उरलेला लाकडी घोडाही नव्हता.

हातातलं ओलं धुणं तिथंच टाकलं. गणपती पाण्यात जातो आणि पुढच्या वर्षी नवा होऊन येतो, हे तिला मीच सांगितलं होतं.

विहिरीकडं धावले. पाणी हिरवंगार, निवांत. लाकडाचा घोडा तरंगला असता. काही नव्हतं. हायसं वाटणार, तोच आठवलं. शिवांजलीनं विहिरीत विसर्जन कधी पाहिलंच नाही. गेल्या भाद्रपदात नदी घाण नको म्हणून गावानं गुंडामामांच्या गुऱ्हाळातली काहील देवळापुढं मांडून पाण्यानं भरली होती. त्या भल्यामोठ्या कढईतच सगळ्यांचे गणपती बुडवले.

ती काहील आता गुऱ्हाळात पेटत्या चुलवणावर होती, आणि शिवांजलीनं ती तिथं पाहिली होती. आत उसाचा रस उकळत होता.

उसाच्या बांधानं कशी पळाले, सांगता येत नाही. पाचट पायांना कापत होतं. आधी धूर दिसला, मग ती.

काहिलीपासून हातभर अंतरावर उभी. काखेत घोडा, हातात घंटा, तोंडानं आरती. गुंडामामा पलीकडं चरकाशी पाठमोरे. इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार?

हाक तोंडात आली, ती मी गिळली. हाक मारली की शिवांजली हातातलं काम घाईघाईनं उरकते. आणि आरती संपल्याशिवाय काही बुडवायचं नाही, ही सवयही तिला मीच लावलेली. पण तिचं शेवटचं कडवं चालू होतं.

मी टाळ्या वाजवत पुढची, शंकराची आरती सुरू केली. तिनं वळून पाहिलं, हसली, पुन्हा घंटा वाजवायला लागली. एक ओळ, दोन पावलं. एक ओळ, दोन पावलं. मध्येच शब्दच आठवेनात.

"आई, चुकलीस!"

तेवढ्यात मी तिचा फ्रॉक धरला आणि मागं खेचलं. घंटा निसटली, फेसात गेली, क्षणात दिसेनाशी झाली.

"आगं आगं! पोरगी हितं कशी?" गुंडामामा धावत आले. "काहिलीत काय पडलं?"

मी खाली बसले होते. शिवांजली हुंदके देत होती, "मोरया म्हणायचं राहिलं! घोडा आता नवा कसा होणार?"

"नाही होत गं नवा. सिनेमात खोटं दाखवलंय. पुस्तकात तो परत येतच नाही."

ती रडायची थांबली. घोडा पोटाशी घट्ट धरून तिनं काहिलीकडं बघितलं.

"मग गणपती?"

फ्रॉक धरलेली माझी मूठ अजून सुटली नव्हती.