आवाजाचा वळसा

हिशेब सरळ होता. रोमिंगवरच्या बोलण्यातला पाऊण सेकंद वाचला, की धाकट्याला विभागप्रमुखाची खुर्ची, खिडकीजवळची केबिन आणि सासुरवाडीत थोडाफार मान.

परदेशात त्याच्याकडे राहायला येऊन सहा वर्षं झाली, तरी आईने मायदेशातला नंबर सोडला नव्हता. त्यामुळे त्याच फोन कंपनीच्या चार गल्ल्यांपलीकडच्या ऑफिसात बसलेल्या मुलाशी ती बोलली, तरी शब्द आधी समुद्र ओलांडून मायदेशातल्या टेलिफोन एक्स्चेंजात हजेरी लावायचा नि मगच परत यायचा. रोमिंगचं दुखणं ते हेच. धाकट्याने हे तिला हसत हसत सांगितलं, तिथेच चुकला. त्या एक्स्चेंजच्या दुसऱ्या मजल्यावर, गुणगुणत्या यंत्रांपाशी, बाबांची हयातीतली बत्तीस वर्षं गेली होती. त्यांच्या सदऱ्याला कायम तापल्या तारांचा वास असायचा.

तेव्हापासून आई एक वाक्य बोलून थांबायची. "घाई करू नकोस. शब्द आत्ता जिना चढतोय. ह्यांच्या टेबलावरून जाऊ दे."

धाकट्याने कंपनीची सगळी यंत्रणा क्लाउडवर नेली. आता माणूस जिथे असेल तिथल्या जवळच्या डेटा सेंटरातूनच बोलणं वळणार होतं. मायदेशी खेटे बंद. तुलनेसाठी एक नंबर जुन्या वाटेवर ठेवायची मुभा होती. त्याने आईचा ठेवला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी विचारलं, "एवढा एकच गडी मागे का? त्याच्यापायी जुनी यंत्रं चालू ठेवायची?"

धाकट्याने तो नंबर स्वतःच्या हाताने हलवला आणि लगेच फोन लावला.

"जेवलीस?"

"जेवले. तू रे?"

"मी पण."

आई बिचकली. "अगोबाई, इतक्यात जाऊन आला?"

"नाही गं. आता तिकडे जातच नाही. इथल्या इथेच."

"म्हणजे ह्यांच्याकडे..."

या वेळचा उशीर नेटवर्कचा नव्हता.

"बरं केलंस," शेवटी तीच म्हणाली. "किती हेलपाटे घालायचे त्या शब्दांनी! खुर्ची मिळेल ना पण?"

"मिळेल."

"मग झालं तर."

खुर्ची मिळाली. खिडकीतून समोरचं पार्किंग दिसतं. तिथून तो रोज दुपारी आईला फोन करतो. "जेवलीस?" विचारलं की पलीकडे काही ऐकू येत नाही, आणि मग "जेवले." त्याचा कान धंद्यातला, तेवढं मोजायला घड्याळ बघावं लागत नाही.

कंपनीचा वाचला, लाखो प्रवाशांचा वाचला, धाकट्याचं तर कल्याण झालं. आई मात्र रोज पदरचा पाऊण सेकंद घालते आहे.