ठमीचा अड्डा

ठमीला आधी वाटलं, लॅपटॉपच बिघडला. झाकण मिटून चहा टाकायला जावं आणि परत येऊन उघडावं, तर इंटरनेट गायब. सकाळपासून चौथ्यांदा. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तीन दिवस घरून काम करते, असं ती ऑफिसात सांगून आली होती. आता तिकडे म्हणत असतील, बाईसाहेब घरी जाऊन झोपा काढतायत.

तिने वायफायची यादी उघडली. वरच्या मजल्यावरच्यांचं होतं, समोरच्या शिंप्याचं होतं, कोपऱ्यावरच्या दवाखान्याचंही होतं. आपलं तेवढं नाही! कॉलेजात असताना तिनेच ते हट्टाने बसवून घेतलं होतं आणि नाव ठेवलं होतं 'ठमीचा अड्डा'. यादीच्या तळाशी नुसतं 'लपलेलं नेटवर्क' असं लिहिलेलं होतं. तिथे अंदाजाने जुनं नाव भरलं, जुना पासवर्ड टाकला, की चालायचं. झाकण मिटलं की पुन्हा तेच रडगाणं.

तिने भिंतीवरचा वायफायचा डबा बंद करून चालू केला. लॅपटॉप पोटाशी धरून डब्याखाली उभी राहिली. काही उपयोग नाही. बाबांच्या मोबाईलवर मात्र सगळं सुरळीत. तिचं डोकं चालेना.

लपलेलं म्हणजे काय? कोणी लपवलं? आणि कोणापासून?

बाबा खिडकीशी काळा चष्मा लावून बसले होते. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेला माणूस, डॉक्टरांनी कानस हातात धरायची नाही म्हटल्यावर नुसताच किल्ल्यांचा जुडगा चाळत होता. दुकान सांभाळायचं सोडून ठमी परगावी नोकरीला निघाली, तेव्हा याच खिडकीशी बाप-लेकीचं कडाक्याचं वाजलं होतं. "या घराशी तुझा संबंध संपला," असं बाबा म्हणाले होते. त्याला दोन वर्षं झाली. ते खरंच तसं होतं का, एवढंच तिला या खेपेला जाणून घ्यायचं होतं. तसंच असेल तर संध्याकाळची बस होतीच. औषधाचे थेंब घालायला समोरच्या शिंपीणकाकू आल्या असत्या.

शेवटी तिने नेटवाल्याला फोन लावला.

"ताई, ते नाव काकांनीच लपवायला लावलंय," तो म्हणाला. "दोन वर्षं होतील आता. तुमच्या लॅपटॉपला जुनी सवय. नाव दिसलं तर जोडून घेतो, नाही दिसलं तर बसतो वाट बघत. जुनी नोंद काढून टाका, नवी भरा आणि 'नाव दिसत नसलं तरी जोडा' याच्यापुढे खूण करा."

दोन वर्षं. म्हणजे आपली पाठ फिरल्या फिरल्या!

"मी म्हटलं होतं, काका, पासवर्डपण बदलून देतो," नेटवाला पुढे बोलतच होता. "तर माझ्यावरच खेकसले. का ते मला अजून कळलं नाही बघा."

ठमीलाही कळलं नाही. तिने फोन ठेवला आणि सरळ विचारलं, "बाबा, माझं नाव का लपवलंत?"

जुडग्याचा आवाज थांबला.

"मोबाईल बघावा तर वर तुझं नाव," बाबा म्हणाले. "दुकानात जा, मोरीत जा, ठमीचा अड्डा, ठमीचा अड्डा. आणि ठमी कुठाय? मला बघवेना. टाकलं झाकून."

"मग पासवर्ड का नाही बदललात?"

"वेडी की काय तू?" बाबा एकदम चिडले. "कुलूपच बदललं असतं तर तू आल्यावर आत कशी आली असतीस?"

तिने खाली मान घालून जुनी नोंद काढली, नवी भरली, खूण केली. झाकण मिटलं, उघडलं. लागलं.

"झालं का?"

"झालं."

"मग त्या पोराला सांग, नाव पुन्हा दिसू दे म्हणावं." बाबांनी चष्मा सारखा केला. "तू राहणार असशील तर हं."

"थेंबांची वेळ झाली," ठमी म्हणाली. "मान वर करा आधी. आणि डोळे पुसू नका, डॉक्टरांनी सांगितलंय."