फुंकरबाबांची काळी पूड

सभागृहातल्या दोनशे खुर्च्या भरल्या होत्या आणि उरलेली माणसं भिंतीला टेकून उभी होती. व्यासपीठावर टेबल, टेबलावर काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत नितळ पाणी. पांढऱ्या झग्यातले फुंकरबाबा डोळे मिटून शेजारी उभे. एका तरुणाने नळी तोंडात धरून पहिल्या बरणीत फुंकायला सुरुवात केली आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"बघा, छातीत दडलेला धूर बघा," बाबा म्हणाले. "डॉक्टरला तो शोधायला मशीन लागतं. मला पाणी पुरतं."

लोक माना उंचावून बघत राहिले. शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेल्या आत्याला मात्र किळस आली. त्या तरुणाची लाळ नळीवरून ओघळत होती आणि तीच नळी झग्याला पुसून बाबा पुढच्याच्या तोंडात देत होते. ती इथे आली होती ती केवळ भावाच्या आग्रहाने. आज त्याचा, म्हणजे दादाचा, सत्कार होता. वीस वर्षं सिगारेटची पाकिटं फुंकणाऱ्या दादाने दोन महिने सकाळ-संध्याकाळ बाबांची काळी पूड हिरड्यांना चोळली आणि सिगारेट सुटली. दादाने दुसऱ्या बरणीत गाल फुगवून फुंकलं. पाणी तसंच नितळ राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"आता मुलांविषयी दोन शब्द," बाबांनी घसा खाकरला.

आत्याला पुढचं ऐकवेना. कसले दोन शब्द नि कसलं काय, असं पुटपुटत ती उठून बाहेर गेली. ते दोन शब्द तिने ऐकले असते, तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

आत्याचं काम म्हणजे तंबाखूच्या सवयींची पाहणी. शाळाशाळांत जाऊन ती मुलांकडून फॉर्म भरून घ्यायची आणि लाळेची तपासणी करायची. पट्टीवर दोन रेघा उमटल्या की अंगात तंबाखू नाही. एकच उमटली की आहे. फॉर्मवर नाव नसतं, फक्त क्रमांक. आणि पाहणीचा पहिला नियम असा की मुलाने जे लिहिलं, पट्टीने जे दाखवलं, ते घरी सांगायचं नाही, शाळेतही सांगायचं नाही. असं असलं तरच मुलं खरं लिहितात. पाहणीच्या कामावर आलेल्या नव्या मुलींना हा नियम आत्याच शिकवायची.

दादाची मुलगी बारकी तेरा वर्षांची, पळण्यात शाळेत पहिली. तिच्या वर्गाची पाळी आली तेव्हा एका फॉर्मवर सगळ्या ओळींत "कधीच नाही" लिहिलेलं होतं आणि त्याच क्रमांकाच्या पट्टीवर एकच रेघ होती. नाव नसलं म्हणून काय झालं, ते डावीकडे कललेलं अक्षर आत्या ओळखत होती. तिनेच ते गिरवून घेतलं होतं.

आणि दहा वर्षं पाळलेला नियम तिने त्या संध्याकाळी भावाच्या स्वयंपाकघरात मोडला.

दादाने पोरीच्या थोबाडीत मारली. पळण्याचे बूट माळ्यावर गेले. जिल्ह्याच्या शर्यतीला महिना उरला होता.

"आत्या, मी हातसुद्धा लावलेला नाही," बारकी गालावर हात धरून म्हणाली. "तुझी पट्टी खोटी आहे."

"पट्टी खोटं बोलत नाही, बाळा. माणसं बोलतात."

तीन आठवड्यांनी दुसरी तपासणी झाली. पुन्हा एकच रेघ. पट्टी दिल्यावर बारकी तशीच पळत सुटली ती शाळेच्या नळाजवळ ओकत उभी राहिली. चेहरा पांढराफटक, हात गार, वर उचक्या. आत्या तिला घरी घेऊन आली.

वहिनींना काहीच नवल वाटलं नाही. "दोष बाहेर पडतोय तिचा. बाबा म्हणालेच होते, चक्कर येईल, ओकाऱ्या होतील."

"कोण बाबा? हिला काय देता तुम्ही?"

"त्या दिवशी तुम्ही उठून गेलात ना, तेव्हाच सांगितलं त्यांनी. दहा वर्षांवरच्या मुलांना आधीपासून पूड दिली की व्यसन अंगाला शिवत नाही. मी एक चिमूट देत होते." वहिनींनी फडताळातून डबी काढली. "तुम्ही तिचं ते सांगितलंत, तेव्हापासून दोन देते."

आत्याने डबी उघडून नाकाशी धरली. डबीला लवंगेचा आणि कापराचा भपका येत होता आणि त्या भपक्याखाली अजून एक वास होता. तो वास तिला चांगला माहीत होता.

ती तेवढ्यावर थांबली नाही. अर्धी पूड तिने पाहणीच्या प्रयोगशाळेत दिली. उरलेली अर्धी तिने स्वतःवरच तपासली. आधी आपली लाळ तपासली, दोन रेघा. मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ती घाण हिरड्यांना चोळली. तोंडात काळा चिखल झाला, लाळ आवरेना, छाती धडधडू लागली, बेसिन धरून ती दोनदा ओकली. हे आपण पोरीच्या तोंडात घालतो आणि वर देवाचे आभार मानतो, या विचाराने तिला तिसऱ्यांदा ओकारी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी, जन्मात सिगारेट न ओढलेल्या आत्याच्या पट्टीवर एकच रेघ उमटली. दुपारी प्रयोगशाळेतून निरोप आला: भाजून दळलेली तंबाखू, लवंग, कापूर.

म्हणजे पट्टी खरं बोलत होती आणि पोरगीही. खोटं त्या डबीत होतं. दादाचीही सिगारेट सुटली नव्हती, ओठावरून हिरडीवर गेली होती.

"आणि ते पांढरं पाणी?" आत्याने विचारलं.

बारकीने कपाळावर हात मारला. "ते आम्ही सहावीतच केलंय. मला नेलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं."

पुढच्या रविवारी सभागृह पुन्हा भरलं. बाबांनी बरण्या मांडल्या आणि लहान मुलांना पुढे बोलावलं. सगळ्यांत आधी बारकी चढली, हातात सोड्याची बाटली.

"ये बाळ. तहान लागली होय?"

"मला नाही, बरणीला." तिने पहिल्या बरणीतलं थोडं पाणी टेबलावरच्या पेल्यात काढलं आणि बाटली उघडून त्यात दोन चमचे सोडा ओतला. पाणी पांढरं झालं. "बाबा, ही बाटली किती वर्षं सिगारेट ओढते?"

पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. बारकीने बरणी वर धरली. "यात चुन्याची निवळी आहे. आपल्या प्रत्येकाच्या श्वासात जो वायू असतो, तोच सोड्यात. त्याने निवळी पांढरी होते, धुराने नाही. दुसऱ्या बरणीत साधं पाणी आहे. कोणीही या, हवं त्या बरणीत फुंका. मात्र नळी स्वतःची आणा."

दादा उठला. सत्काराचा नारळ घेतलेला माणूस सगळ्यांसमोर बरणीतल्या निवळीत फुंकू लागला आणि त्याच्या नाकासमोर पाणी पांढरं झालं.

"शंका मनात आली की शक्ती निघून जाते," बाबा म्हणाले.

"पट्टीवरची ही रेघ मात्र जात नाही," आत्या म्हणाली. तिने आपल्या दोन्ही पट्ट्या आणि प्रयोगशाळेचा कागद माईकपुढे धरला आणि वाचून दाखवला. "तंबाखूपासून वाचवायला तुम्ही मुलांना तंबाखू दिलीत. मीही कमी नाही. पोरगी खरं सांगत होती, मी तिला खोटं पाडलं."

"पण आमची सिगारेट तर सुटली ना," मागून एकजण अजिजीने म्हणाला.

"मग आठ दिवस पूड बंद ठेवून बघा. व्यसन सुटलं की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल."

लोकांनी पुन्हा व्यासपीठाकडे पाहिलं तेव्हा झगा मागच्या दाराने निघून गेला होता. लाळेने चिकट झालेली नळी तेवढी टेबलावर पडली होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने माळ्यावरून बूट काढले, पुसले, पोरीपुढे ठेवले. बारकीने ते पायात घातले, पण ती उठून फडताळाजवळ जाऊन उभी राहिली.

"आत्या, डोकं दुखतंय. मला ती पूड हवीशी वाटते."

या वेळी कोणी तिच्यावर हात उगारला नाही. आत्या तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, मग रोज मैदानावरही. शर्यत त्या वर्षी हुकलीच.

चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एवढं विचारावं: बरणीत काय आहे, डबीत काय आहे, आणि कोणी तपासलं? मूल "नाही" म्हणालं, तर ते का म्हणतंय तेही विचारावं. एवढं विचारायला ना शक्ती लागते ना गुरू.

आत्याने पाहणीच्या फॉर्ममध्ये शेवटी एक नवा प्रश्न घातला: घरातल्या मोठ्यांनी औषध म्हणून काही चोळायला किंवा खायला दिलं का? पुढच्या फेरीत एका फॉर्मवर डावीकडे कललेल्या अक्षरात उत्तर आलं. आत्याने ते वाचलं आणि या वेळी कोणालाही सांगितलं नाही.

"हो. आईने. आत्याने घरी सांगितल्यावर दुप्पट."